आई हरवते तेव्हां

किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्या म्हणजे सहली, रहस्यें आणि शाळेंतील खोड्या, अशी बऱ्याच घरांतील वडील मंडळींची समजूत असते. या वेळीं ज्या पुस्तकाचा परिचय करून द्यावयाचा आहे, तें अगदीं निराळें आहे. सिंथिया व्हॉइट या अमेरिकन लेखिकेची ‘होमकमिंग’ ही कादंबरी १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. कथेच्या आरंभींच एक आई आपल्या चार मुलांस बाजाराबाहेरील मोटारतळावर गाडींत बसवून ठेवते, थोरलीचें ऐका म्हणून धाकट्यांस बजावते, आणि निघून जाते. ती परत येत नाहीं.

थोरली डायसी तेरा वर्षांची. तिच्या पाठीवर जेम्स, मेबेथ आणि सॅमी. बाप पूर्वींच सोडून गेलेला. जवळ पैसे अगदीं थोडे. शेवटीं मुलें ब्रिजपोर्ट गांवच्या, कधीं न पाहिलेल्या एका वृद्ध आप्त स्त्रीच्या भरंवशावर पायींच निघतात. पोलिसांना सांगावें तर आपली ताटातूट होईल, ही डायसीची भीति. म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांशीं खोटें बोलते, पाव मोजून वांटते, आणि रडावयाचें पुढें ढकलते. पुढें कळतें कीं, आई मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील एका रुग्णालयांत आहे; ती बोलत नाहीं, कोणास ओळखत नाहीं.

लेखिकेनें या आईस दुष्ट ठरविलेलें नाहीं, आणि तिला बरीही केलेली नाहीं. ‘डायसीज साँग’ (१९८२) या दुसऱ्या भागांत मुलें मेरीलँडमधील क्रिसफील्ड येथें आजीच्या घरीं राहूं लागलेलीं असतात. आई मात्र बॉस्टनच्या रुग्णालयांतच मरण पावते. या भागास १९८३ सालीं न्यूबेरी पदक मिळालें. आजी म्हणजे गांवानें विक्षिप्त ठरविलेली, तोंडानें फटकळ बाई. नातवंडें दारांत उभीं राहिलीं तेव्हां तिनें त्यांस ठेवून घेण्याचें नाकारलेंच होतें. तिचें मन वळतें तें इतक्या सावकाश कीं, वाचणाऱ्यास तें खरें वाटतें.

एक उणीव मात्र आहे. आईच्या मनांत काय चाललें होतें, याचा थांग लागत नाहीं. ती जागा आपल्याकडील जेरी पिंटो यांच्या ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) या कादंबरीनें भरून काढली आहे. माहीमच्या लहानशा घरांतली ही आई विड्या ओढते, थट्टा करते, बोलून बोलून सर्वांस दमविते, आणि मध्येंच काळोखांत बुडते. हा आजार आपल्यालाही होईल काय, ही मुलाची धास्ती पानोपानीं जाणवते. साहित्य अकादमीनें २०१६ सालीं या पुस्तकाचा गौरव केला. शांता गोखले यांनीं त्याचें मराठी रूपांतर ‘एम आणि हूमराव’ या नांवानें केलें आहे. त्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे उल्लेख आहेत आणि बोलणें फार मोकळें आहे, तेव्हां आईबापांनीं तें आधीं स्वतः वाचावें.

हीं पुस्तकें मुलांना कशाला, असें कोणी विचारील. आपल्या मोठ्या कुटुंबांतून ‘काकूंची प्रकृति बरी नसते’ या एका वाक्याखालीं किती गोष्टी झांकल्या जातात! घरांत उपवर मुलगी असली, म्हणजे तर चौदा वर्षांच्या पोरासही ‘बाहेर बोलूं नकोस’ असें बजावलें जातें. तो बोलत नाहीं. पण आपण हट्ट केला म्हणून आई अशी झाली, असें मनांत धरून बसतो. आजार आईबापांकडून येण्याचा संभव थोडा वाढतो, तो येतोच असें नव्हे, आणि मुलाच्या वागण्यानें तर तो मुळींच जडत नाहीं, हें त्यास कोणी सांगत नाहीं. डायसीही मोटारतळावर ओठ घट्ट मिटूनच बसली होती.

व्हॉइटबाईंचें इंग्रजी नववी-दहावीच्या मुलांस पेलेल. मात्र पहिला भाग संपण्यापूर्वीं दुसरा घरांत आणून ठेवावा. नाहीं तर भावंडांत भांडणें होतील.