पडद्यामागचा दुभाषी

बालमित्रांनो, धुळ्याच्या एका दोस्ताचं पत्र आलंय. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण अक्षरं ही एवढी मोठ्ठी दिसतात. बाबा म्हणतात, भंगारात देऊ. अरे, थांब जरा!

आजी अहिराणीत ‘काय करी राहिना?’ म्हणाली, की मुंबईचा पाहुणा नुसता बघत राहतो. मग तुम्ही मध्ये पडता ना? ग्राफिक्स ड्रायव्हर हा तसाच दुभाषी. ऑपरेटिंग सिस्टिमचं म्हणणं तो चित्र काढणाऱ्या चिपला सांगतो. तो नसला, की सगळा कारभार खाणाखुणांवर!

एनव्हिडिया कंपनीने आपल्या चिपची भाषा बरीच वर्षं गुपित ठेवली. मग काही हौशी मंडळींनी कंपनीचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो, ते टिपून घेतलं आणि ‘नूवो’ हा ड्रायव्हर लिहिला. २०१० मध्ये तो लिनक्सच्या कर्नेलमध्ये आला. कंपनीने आपला थोडा कोड खुला केला तो २०२२ मध्ये, तोही नव्या चिपपुरताच.

तर दोस्ता, आधी फोटो पेनड्राइव्हवर घे. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दे (अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली). चिप कोणाची ते कळेल. इंटेल किंवा एएमडीची असेल, तर दुभाषी बहुधा कर्नेलमध्येच असतो. लिनक्स टाकताना कोणी ‘नोमोडसेट’ लिहिलं होतं का, ते बघ. ते तसंच राहिलं, तर दुभाषी गप्प बसतो. ते काढून लॅपटॉप पुन्हा सुरू कर. एनव्हिडिया असेल, तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर निवड. मोठे गेम धावतीलच असं नाही हं!