रिद्धपूरच्या प्रश्न विचारणाऱ्या बाया

नवरात्रात आमच्या बाळापूरला बाळादेवीच्या दर्शनाला बायांची रीघ लागते. देवी म्हणून बाईपुढे हात जोडायला आपल्याला कधीच जड जात नाही. तीच बाई धर्माच्या गोष्टीत ‘हे असं का?’ म्हणून विचारू लागली, की घरातली मोठी माणसं विषय बदलतात. असं विचारणाऱ्या बायांचा मेळाच आपल्या वऱ्हाडात साडेसातशे वर्षांपूर्वी नांदत होता.

अमरावती ओलांडून मोर्शी तालुक्यात गेलं की रिद्धपूर लागतं. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू होते. त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरस्वामींभोवती महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा अशा कितीतरी बाया जमल्या. महदाइसा तर तरुणपणीच विधवा झालेली. घरदार सोडायचं, भिक्षा मागून खायचं, स्वामींसोबत गावोगाव हिंडायचं, असं त्यांचं जगणं होतं. पाळीच्या विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा चक्रधरांनी सरळ शरीराचा हिशेब मांडला: देहाला नऊ दारं, प्रत्येकातून काही ना काही वाहतं, त्यात याचाच विटाळ कसला? महदाइसा तर सतत काहीतरी विचारतच राहायची. तिच्या या खोदून विचारण्याचं स्वामींनी कौतुकच केलं.

त्याच शतकात युरोपात फ्लँडर्सच्या शहरांत बेगिन म्हणवणाऱ्या बाया एकत्र राहत होत्या. त्या जोगिणी नव्हत्या. जन्मभराचं व्रत नाही, सूत कातून, आजाऱ्यांची सेवा करून पोट भरायचं, वाटलं तर लग्न करून निघून जायचं. त्यांच्यातच गणली जाणारी मार्गरीत पोरेत हिने लोकांच्या फ्रेंच भाषेत पुस्तक लिहिलं. ते मागे घ्यायला ती तयार झाली नाही, म्हणून 1310 साली पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं. आपल्या बायांची तऱ्हा वेगळी. त्यांनी संन्यास घेतला होता, त्यांच्यावर चक्रधरांच्या महानुभाव पंथाची शिस्त होती. पण धर्म आपल्या बोलीत समजून घेण्याचा हट्ट दोन्हीकडे सारखाच.

हा हट्ट मराठीला फळला. पंथातले पंडित केशोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या बायांना काही उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पंडितांच्या मानापेक्षा म्हाताऱ्यांचं समजणं मोठं, असा हा निवाडा. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ जुळवलं तेही ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांच्या तोंडून विचारून, आणि त्यांत या बायाही होत्या. पुढे पोथी हातची गेली तेव्हा पंथातल्या हिराइसेला पाठ असलेला मजकूर कामी आला. मराठीतलं हे आद्य गद्य टिकलं त्यात बायांच्या स्मरणशक्तीचा वाटा मोठा आहे.

नंतर पंथाने ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत ठेवले. बाहेरच्याला ते वाचता येईनात. विसाव्या शतकात इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडली, वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्रंथ संपादून पुढे आणले. आता तर कुलूप नाही. तरी शाळेत महदाइसेची ओळख ‘आद्य मराठी कवयित्री’ या तीन शब्दांत आटोपते. रिद्धपुरात तिने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, तेवढं परीक्षेपुरतं लक्षात ठेवायचं. तिने काय विचारलं, हे कोणी सांगत नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. त्याच्या इमारतीइतकीच चर्चा या बायांच्या प्रश्नांची व्हायला हवी. आणि आपल्याकडच्या शिक्षकांना एक विनंती: सहल दरवर्षी शेगावला नेता, यंदा एकदा रिद्धपूरला न्या. तिथे ‘लीळाचरित्रा’तली विटाळाची ती लीळा आठवी-नववीच्या मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या, मुलांनाही समोर बसवा. मग मुली जे विचारतील, त्याला उत्तर द्या. विषय बदलू नका.