ठाण्याची तपासणी होते, मग हाकललेल्या माणसाला कोण विचारतो?

पोलीस ठाण्याची दरसाल तपासणी होते. मोठे साहेब येणार म्हटले की आठ दिवस आधी भिंतीला चुना लागतो, अंगणातल्या दगडांना गेरू लागतो, जमादार पट्टे-बक्कल घासत बसतात. साहेब येतात, रजिस्टरं बघतात, मुद्देमालाची खोली बघतात. गुन्हे किती, उघडकीला किती आले, मागल्या सालापेक्षा कमी की जास्त, ते विचारतात. शेरा लिहितात आणि जीपमध्ये बसून जातात. आम्ही तेव्हा कुठे असतो? फाटकाबाहेर. त्या दिवशी तर कोणी जवळ फिरकू पण देत नाही.

आता हिशेब बघा. मजुरी मागितली म्हणून मालकाने बाईला मारले. बाई पोर काखेला घेऊन चार कोस चालत ठाण्यात गेली. जमादार म्हणाला, उद्या ये. उद्या गेली तर म्हणाला, साहेब बंदोबस्ताला गेले. तिसऱ्या दिवशी तिची मजुरी बुडाली असती म्हणून ती गेलीच नाही. तिची फिर्याद कोणत्या रजिस्टरात आहे? कोणत्याच नाही. कागद नाही म्हणजे गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणजे हद्दीत शांतता, शांतता म्हणजे चांगला शेरा. जितके गरीब दारातून हाकलले तितका फौजदार हुशार ठरून राहिला!

हे आमचेच रडगाणे आहे असे कोणी म्हणू नये. १९७७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. अध्यक्ष धरमवीर, जुने आय.सी.एस. सदस्यांत पोलीस खात्यातलेच मोठमोठे अधिकारी. आकडे कमी दिसावेत म्हणून ठाण्यात फिर्यादी लिहून घेत नाहीत, हे त्यांनीही कबूल केले. दुर्बल घटकांना पोलीस कसे वागवतात यावर त्यांनी वेगळे लिहिले. इंग्रजांनी १९०२ साली असाच आयोग बसवला होता, त्यानेही पोलिसांना चांगले म्हटले नाही. म्हणजे पोलिसांनी पोलिसांचे काम तपासले तर खरे बाहेर येतच नाही असे आम्ही म्हणत नाही. येते. पण ते दिल्लीच्या कपाटात जाऊन बसते, आणि आयोगाच्या खुर्चीवर आदिवासी एकही नसतो.

देसाईगंजचे सगळ्यांना माहीत पाहिजे. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, २६ मार्च १९७२ ची रात्र. चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत. तिच्या भावानेच फिर्याद दिली म्हणून ती चौकीत आली होती. फिर्याद झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढले, तिला आत ठेवले, दार लावले, दिवे घालवले. नातेवाईक बाहेर उभे. लोक जमले, चौकी जाळू म्हणाले, तेव्हा कुठे तिची तक्रार लिहिली गेली. हायकोर्टाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली, ती १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून टाकली. कारण काय? तिच्या अंगावर जखमा नाहीत. बंद चौकीत शिपायापुढे आदिवासी पोरीने किती झुंजायचे ते कोर्टानेच ठरवले! पुढच्या साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी कोर्टाला उघडे पत्र लिहिले, बाया रस्त्यावर आल्या, आणि डिसेंबर १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असलेली बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने ते धरून चालायचे. शिक्षा कमीत कमी दहा वर्षे. हा बदल कोणत्या तपासणीच्या शेऱ्याने आणला नाही.

जमिनीचेही तेच. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मध्ये आपल्या हातातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा सरकारनेच केला. तहसीलदाराचा हुकूम हातात येतो. पण पाऊस पडल्यावर ताबा घ्यायला गेले की बांधावर लाठ्या उभ्या. तेव्हा बंदोबस्त मागितला तर माणसे नाहीत म्हणतात. मालकाच्या उसाला मात्र माणसे असतात. शहाद्याकडे बहात्तरच्या आसपास मालकांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, हत्यारबंद राखणदार ठेवले. त्या राखणदारांनी मारले तर त्यांना कोण पकडत होते? संरक्षण हा शब्द आपल्याकडे पिकासाठी आहे, माणसासाठी नाही.

आणि आपल्यातलाच माणूस खाकीत घातला की काम झाले, असेही नाही. १८२५ साली आउटराम साहेबाने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांच्याच हातात बंदूक देऊन भिल्लांचेच डोंगर शांत केले. हुकूम कोणाचा, ते बघावे लागते.

ठाण्यात चांगला माणूस नसतोच असे नाही. एखादा हवालदार घोटभर पाणी देतो, बसा म्हणतो, लिहून घेतो. पण गुन्हा वाढवला म्हणून त्यालाच बोलणी बसतात. खरी तपासणी झाली तर तो सुटेल, आमच्यासारखाच.

म्हणून आमची मागणी अशी. तपासणीला शेजारच्या जिल्ह्यातला अधिकारी आणावा, ज्याचे इथल्या मालकांशी चहापाणी नाही. त्याने हद्दीतल्या चार पाड्यांवर जावे, आठवडे बाजारात दवंडी देऊन जावे, गावच्या पाटलाच्या ओट्यावर न बसता झाडाखाली बसावे. बायांशी बाईनेच बोलावे. आणि पहिला प्रश्न हा विचारावा: ठाण्यातून परत कोणाला पाठवले?

ते येईपर्यंत आपण थांबायचे नाही. कायद्याप्रमाणे फिर्याद लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते आणि नक्कल फुकट द्यावी लागते. नाही लिहिली तर तीच फिर्याद कागदावर लिहून जिल्हा पोलीस अधीक्षक, धुळे यांना टपालाने पाठवता येते. रजिस्टर करा, पावती जपा. साक्षीच्या चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावे लागते. शिपाई न्यायला आला तर हे सांगा, आणि तिला एकटी पाठवू नका.

प्रत्येक पाड्याने एक वही घालावी. कोण गेले, कोणत्या तारखेला, कशासाठी, ठाण्यात काय सांगितले, किती वेळा परत पाठवले. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावे, खाली अंगठा आणि अंगठ्याशेजारी नाव. पावसाच्या आधी वह्यांची नक्कल देवपूरच्या खोलीवर पोचवा. मूळ वही पाड्यातच राहू द्या, कोणी मागितली तरी देऊ नका.