परदेशी संगणकशास्त्र शिक्षणाबाबत पालक-विद्यार्थी संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य, महाराष्ट्र राज्य
राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू
राज्यस्तरीय बँकर्स समिती

विषय : संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठ निवडताना येणाऱ्या अडचणी व त्यावरील मागण्या

महोदय/महोदया,

आमच्या मासिक बैठकीला नवा पालक आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अमुक विद्यापीठाचा रँक कितवा?’ मुलीला कंपायलर आवडतात की नेटवर्क, दोन वर्षांचा खर्च किती, तिथे प्रबंध लिहायला मिळतो का, हे सगळे नंतर येते, आणि पुष्कळदा येतच नाही. त्या पालकाला आम्ही हसत नाही. चार वर्षांपूर्वी आम्हीही हेच विचारत होतो. पण हाच प्रश्न शासनाची शिष्यवृत्ती विचारते, बँकेतला कर्ज अधिकारी विचारतो आणि सल्लागाराच्या पत्रकावरही तोच आकडा ठळक छापलेला असतो, तेव्हा ती एका घराची भाबडी चौकशी राहत नाही. ते धोरण होते, आणि ते बदलावे म्हणून हे पत्र.

हा मूठभर हौशी मुलांचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांची मोजदाद करणाऱ्या ‘ओपन डोअर्स’च्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर प्रथमच ही संख्या चीनच्या पुढे गेली, आणि त्यांतला मोठा वाटा गणित व संगणकशास्त्राचा आहे. या गर्दीत लातूर, जळगाव, इचलकरंजीची मुले आहेत. त्यांच्या घरातून याआधी परदेशी कोणी गेलेले नाही.

पहिली मागणी शिष्यवृत्तीच्या निकषाबद्दल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असेल तरच तिचा लाभ मिळतो. ही क्रमवारी मोजते काय? २०२४ च्या आवृत्तीपासून शंभरातले ३० गुण प्राध्यापकांच्या मनातल्या प्रतिष्ठेला आणि १५ गुण नोकरी देणाऱ्यांच्या मनातल्या प्रतिष्ठेला आहेत. म्हणजे ४५ गुण मतचाचणीचे. उरलेल्या गुणांत संपूर्ण विद्यापीठातले शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, परदेशी प्राध्यापकांचा टक्का, शाश्वतता अशा गोष्टी येतात. संगणकशास्त्र विभागात वितरित प्रणाली कोण शिकवते, याचा त्यात मागमूस नाही.

दोन उदाहरणे देतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे ॲमहर्स्ट येथील संकुल या क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असते. रीइन्फोर्समेंट लर्निंगचा पाया घातल्याबद्दल २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना मिळाला. त्यांतले बार्टो ॲमहर्स्टच्याच संगणकशास्त्र विभागात आयुष्यभर शिकवत होते आणि सटन यांनी पीएचडी तिथेच केली. दुसरे उदाहरण जर्मनीतल्या सारब्रुकेनचे. तिथल्या सारलँड विद्यापीठाच्या आवारातच माक्स प्लांक संस्थेचे संगणकशास्त्र केंद्र आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि सायबर सुरक्षेचे सिस्पा आहे. संगणकशास्त्र शिकायला युरोपात याहून चांगली गावे थोडीच असतील. पण सर्वसाधारण क्रमवारीत सारलँड इतके खाली आहे की आमच्या विद्यार्थ्याने तिथे प्रवेश मिळवला तरी शिष्यवृत्तीचा अर्ज छाननीतच बाद होईल.

क्यूएस स्वतः संगणकशास्त्राची वेगळी विषयवार यादी काढते. शोधनिबंधांवरून विभाग तोलणारी ‘सीएसरँकिंग्ज’ ही यादीही आहे. (ती उभी केली ॲमहर्स्टच्याच एमरी बर्गर यांनी, तेव्हा तिचीही पोथी करू नये. शिवाय संशोधनात वरचा असलेला विभाग वर्गातही चांगला असतोच असे नाही.) आमचे म्हणणे साधे आहे. सर्वसाधारण क्रमांक किंवा विषयवार क्रमांक, दोहोंपैकी एक पुरेसा धरावा. दोन्हींत न बसणाऱ्या विभागासाठी विद्यार्थ्याने लेखी कारणे द्यावीत आणि त्या विषयाच्या तीन जाणकारांच्या समितीने ती तपासावीत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा जगात अशी कोणतीही क्रमवारी नव्हती. तिथे जॉन ड्यूई होते आणि एडविन सेलिग्मन होते. त्यांच्या शिकवण्याला क्रमांकाची चिठ्ठी लावावी लागली नव्हती.

दुसरी मागणी कुलगुरूंकडे आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्या सभासदांचा सर्वाधिक मनस्ताप इथलाच. विद्यापीठ निवडणे म्हणजे आपण कुठे बसतो ते पाहणे, आणि तो हिशेब आपल्या गुणपत्रिकेवरून होतो. जर्मन विद्यापीठे परदेशी गुणांचे रूपांतर ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने करतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतील फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. तिकडे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आता आमच्या विद्यार्थ्याचे १० पैकी ८ सीजीपीए घ्या. उत्तीर्णतेची सीमा ४ धरली तर उत्तर २.० येते, ५ धरली तर २.२. गुण तेच, मूल तेच, फरक पडला तो गुणपत्रिकेच्या मागे किमान श्रेणी नीट छापलेली आहे की नाही याने. ज्या विभागाची सीमा या दोन आकड्यांच्या मध्ये पडते, तिथे हा छापखान्याचा प्रश्न प्रवेशाचा होतो. टक्केवारी मागणाऱ्या देशांसाठी सीजीपीएचे टक्के करण्याचे सूत्र तर विद्यापीठागणिक वेगळे आहे.

क्रेडिटचेही असेच. युरोपातले एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, वर्गातले आणि घरचे मिळून. वर्षाला अशी ६० क्रेडिट. आमच्याकडचे क्रेडिट बहुधा फक्त वर्गातले तास मोजते, आणि घरच्या अभ्यासाचा उल्लेख कागदावर कुठेच नसतो. जर्मनीतले अनेक विभाग गणित आणि सैद्धांतिक संगणकशास्त्राची ठरावीक क्रेडिट मागतात. आमच्या मुलीने थिअरी ऑफ कम्प्युटेशन शिकलेले असते, डिस्क्रीट मॅथ्सही शिकलेले असते, पण विषयाचे नाव ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-३’ असते. आत काय होते ते सांगणारा अधिकृत अभ्यासक्रम विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी मिळवायला तिला महाविद्यालय ते परीक्षा विभाग अशा खेपा घालाव्या लागतात. दरम्यान अर्जाची मुदत संपते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि परदेशी जाणारी मुले तोंडघशी पडली. तो प्रसंग सगळ्या राज्याने पाहिला. तेव्हापासून आम्ही निकालाच्या तारखेवर विश्वास ठेवायला कचरतो.

म्हणून प्रत्येक गुणपत्रिकेवर किमान उत्तीर्ण श्रेणी, सर्वोच्च श्रेणी आणि टक्केवारीचे सूत्र छापावे. प्रत्येक विषयाचा इंग्रजी अभ्यासक्रम, एकूण अभ्यासाच्या तासांसह, संकेतस्थळावर सही-शिक्क्याचा असावा. ट्रान्स्क्रिप्ट अर्जापासून दहा कामकाजाच्या दिवसांत, डिजिटल आणि पडताळता येईल असे मिळावे. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मन व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचे (जर्मन दूतावासाच्या शैक्षणिक पडताळणी केंद्राचे) प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि तिथे प्रत्येक सत्राची गुणपत्रिका लागते. एटीकेटीच्या जुन्या गुणपत्रिका हरवल्या असतील तर दुय्यम प्रत मिळवायला वेगळे खेटे घालावे लागू नयेत. बीसीए आणि तीन वर्षांच्या बीएस्सीच्या मुलांना पदवी वर्षांच्या संख्येमुळे कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे महाविद्यालयाने पहिल्याच वर्षी सांगावे. अंतिम वर्षाला कळून उपयोग नाही.

तिसरी मागणी सल्लागारांच्या नियमनाची. शहरातल्या चकचकीत कचेऱ्यांत समुपदेशन ‘मोफत’ असते, कारण पैसे परदेशी विद्यापीठ देते. अमेरिकेच्या कायद्यात विद्यार्थी आणून देण्याबद्दल दलाली द्यायला बंदी आहे, पण परदेशी विद्यार्थ्यांचा अपवाद त्याच कायद्यात लिहिलेला आहे. तेव्हा अमेरिकन मुलाला जे संरक्षण आहे ते आमच्या मुलाला नाही. आमच्या एका सभासदाच्या मुलाला अशाच एका कचेरीने पाच विद्यापीठांची यादी दिली. पाचही त्या कचेरीशी करार असलेली निघाली. ही गोष्ट त्याला कळली ती तिकडे गेल्यावर.

दलालीपेक्षा भयंकर गोष्टीही घडल्या आहेत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर व्हिसा-घोटाळ्यावरून छापा पडला आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या घोट्याला माग काढणारी यंत्रे बांधली गेली. मिशिगनमधले ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ तर अमेरिकेच्या स्थलांतर खात्यानेच सापळा म्हणून उभे केले होते. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. २०१९ मध्ये ते उघड झाले तेव्हा नाव नोंदवलेल्या सुमारे सहाशे जणांत बहुसंख्य भारतीय होते. ‘पहिल्या दिवसापासून काम करता येईल’ हे आमिष दाखवले गेले की सावध व्हावे, हे कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर लिहिलेले आम्ही पाहिले नाही. पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून असे सल्लागार, अगदी आयईएलटीएसचे क्लासही, परवान्याखाली आणले. महाराष्ट्रानेही नोंदणी सक्तीची करावी आणि कोणत्या विद्यापीठाकडून किती दलाली मिळते ते करारनाम्यात लिहून द्यायला लावावे.

कर्जाबद्दल थोडक्यात. बँका विद्यापीठांच्या याद्या करतात, यादीनुसार व्याज ठरते, पण यादीचा निकष कोणी सांगत नाही. तो प्रसिद्ध करावा, आणि त्यात विद्यापीठाच्या क्रमांकाऐवजी त्या अभ्यासक्रमाचा एकूण खर्च व पदवीनंतर कामाची किती मुभा मिळते, हे पाहावे. तारणाचा प्रश्न ग्रामीण घरांसाठी जास्त कठीण आहे. बहुतेक बँका शेतजमिनीचा सातबारा घेत नाहीत, गावठाणातले घरही चालत नाही, एनए प्लॉट किंवा शहरातला फ्लॅट हवा. ज्याच्याकडे सहा एकर बागायत आहे तो या हिशेबात निर्धन ठरतो. राज्याने हमी निधी उभारावा.

शेवटची मागणी माहिती कक्षाची. विद्यापीठ निवडताना ज्या नियमांवर घर गहाण पडते ते दर काही महिन्यांनी बदलतात. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने आणि एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयाला आणखी २४ महिने काम करता येते, पण अभ्यासक्रमाचा सीआयपी (वर्गीकरण) क्रमांक एसटीईएमच्या सरकारी यादीत असला तरच. संगणकशास्त्राचा ११.०७०१ हा क्रमांक त्यात आहे. नावात ‘इन्फर्मेशन’ असलेला प्रत्येक अभ्यासक्रम त्यात असेलच असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ब्रिटनमधली पदवीनंतरची दोन वर्षांची मुभा जानेवारी २०२७ पासून दीड वर्ष होणार आहे. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले, तरी ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ ही पाटी आमच्या गल्लीत अजून झळकते आहे. उलट जॉर्जिया टेकची संगणकशास्त्रातली ऑनलाइन पदव्युत्तर पदवी २०१४ पासून चालू आहे. ती घरी बसून, सात हजार डॉलरच्या आसपास पुरी होते. कोणताही सल्लागार तिचे नाव काढत नाही, कारण तिच्यात विमानाचे तिकीट नाही. ही सगळी माहिती मराठीत, तारखेसह, प्रत्येक जिल्ह्याच्या तंत्रशिक्षण कार्यालयात मिळावी, आणि ती देणारा माणूस कोणत्याही विद्यापीठाचा पगारी नसावा.

अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची अर्जमुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. त्याआधी किमान गुणपत्रिका आणि शिष्यवृत्ती या दोन मागण्यांवर निर्णय व्हावा. आमच्या पाच प्रतिनिधींना, ज्यांत दोन परत आलेले विद्यार्थी आहेत, ऑक्टोबरअखेरपर्यंत भेटीची वेळ द्यावी. येताना आम्ही वेगवेगळ्या विद्यापीठांच्या अकरा गुणपत्रिका आणणार आहोत. त्यांतल्या किती कागदांवर किमान उत्तीर्ण श्रेणी सापडते, ते आपण समक्ष पाहावे.

आपले विश्वासू,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने
अध्यक्ष व सचिव