अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहू नका

खाजगी कंपनीची जाहिरात म्हणते, दोन वर्षांचा अनुभव हवा. आमचा बी.कॉम. झालेला पोरगा अर्ज भरायला बसतो आणि त्या रकान्यात 'निरंक' लिहून मोकळा होतो. आम्हाला या 'निरंक'चा राग आहे.

अनुभव येतो कुठून? काकाच्या फर्ममध्ये सुट्टीत बसणाऱ्याकडे तो पदवीआधीच असतो. नाक्यावर उभं राहून मजुरी करणाऱ्या बापाच्या पोराला सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप परवडत नाही. ही अट कामापेक्षा गोतावळ्याचीच जास्त आहे.

पण 'निरंक' लिहिणारा तो पोरगा खरोखर रिकामा होता का? तीन वर्षं जयंती समितीचा खजिनदार. वर्गणीच्या पावत्या, मंडपवाल्याशी भाव, पोलिस परवानगी आणि शेवटी भर वस्तीत हिशोब, तोही एकेका रुपयाला जाब विचारणाऱ्यांपुढे! वस्तीतल्या मुलांचे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, त्रुटी निघाल्या तेव्हा समाजकल्याण कार्यालयात खेटे घातले. हे अकाउंट्स नाही, कार्यालयीन काम नाही, तर काय आहे?

'समाजसेवेची आवड' असं मोघम लिहाल तर कुणी विचारणार नाही. किती रक्कम सांभाळली, किती अर्ज भरले, किती वर्षं, ते लिहा. जाहिरातीतलं कोणतं काम त्यामुळे तुम्हाला जमेल, तेही तिथंच सांगा. विकतचं अनुभव प्रमाणपत्र मात्र जोडू नका. पकडले गेलात तर नोकरी जाईल आणि बोट अख्ख्या समाजाकडे दाखवलं जाईल.

'भीमजयंती लिहिली की अर्ज केराच्या टोपलीत,' असं काहीजण म्हणतात. भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित नावांना बोलावणी कमी आली. म्हणजे जयंती लपवली तरी आडनाव बोलतंच. तरीही कुणी 'सार्वजनिक उत्सव समिती' लिहिलं तर आम्ही त्याला भेकड म्हणणार नाही. घरची चूल त्याला पेटवायची आहे. काम मात्र लपवू नका. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी लष्करात आणि पोलिसात भरतीसाठी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला, तेव्हा महारांनी पलटणीत बजावलेली सेवाच पुढे केली होती.

आता मंडळांना विचारतो. डीजेवर लाख रुपये उडवता, मग खजिनदाराला लेटरहेडवर चार ओळींचं कामाचं पत्र का देत नाही? आणि आमच्यातले सीए, वकील, उद्योजक १४ एप्रिलला मंचावर बसतात. त्यांनी वस्तीतल्या एका पोराला किंवा पोरीला सहा महिने आपल्या ऑफिसात घ्यावं. पगार देऊन.