शेऱ्याचा रकाना

मकरपुरा जी.आय.डी.सी.तील लहान कारखान्यांना यंत्रभागांचे आराखडे काढून देणे, हा निवृत्तीनंतरचा आमचा उद्योग. मोबदला तासांवर ठरत असल्याने कामाला बसतानाची आणि उठतानाची वेळ टिपून ठेवावी लागते. पूर्वी हे लाल कापडी बांधणीच्या वहीत होई. दोन वर्षांपूर्वी आमच्या भाच्याने ती वही संगणकात नेली. ऑर्ग मोड हे त्या व्यवस्थेचे नाव. कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःची टिपणे लावण्यासाठी २००३ साली ती रचली. १९७६ साली जन्मलेल्या इमॅक्स या संपादकाच्या पोटात ती राहते. सारे काही साध्या मजकुरात, कोणत्याही यंत्रावर वाचता येईल असे. कामाच्या मथळ्यावर घड्याळ सुरू करावे, उठताना थांबवावे, की आरंभ, अखेर आणि बेरीज यांची एक ओळ आपोआप उमटते. आम्ही बेहद्द खूश होतो.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यात आमचे बिल अडले. तेथील हिशेबनीसांनी एका ओळीवर बोट ठेवले : १०:१० ते १३:५०, एकूण ३:४०. ‘काका, आ साडा त्रण कलाकमां शुं कर्युं?’ प्रश्न अदबीने विचारलेला होता. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. तेवढे तास कापून घेण्यास आम्ही मान डोलावली. परतताना रिक्षा सुसेन सर्कलपाशी अडली आणि आठवले! त्यांच्याच मूळ आराखड्यात दोन छिद्रांमधील अंतर चुकले होते. ते शोधण्यात ती सकाळ गेली होती. परत फिरून सांगणार कोणत्या तोंडाने? पैशांपेक्षा तेच अधिक लागले.

घरी हे सांगताच सौभाग्यवतींनी विचारले, ‘वहीत शेऱ्याचा रकाना होता ना?’ वही काढली. ‘वीज गेली’, ‘शेठ आले, माप बदलले’, ‘कागद भिजला, पुन्हा काढले’. हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत सर्वत्र असणारा तो रकाना आम्ही संगणकात नेलाच नव्हता.

भाच्याने सांगितले की, घड्याळ थांबवताना शेरा विचारण्याची सोय येथेही आहे. फक्त मुळात ती बंद असते. ती चालू केल्यापासून काम थांबवले की एक लहानशी खिडकी उघडते आणि तीत लिहिलेले वेळेच्या ओळीखाली आडव्या रेघेने जाऊन बसते. मध्येच काही टिपायचे झाल्यास स्वतःच्या तारीख-वेळेसह निराळे टिपणही करता येते. गोम एवढीच, की शेरा आणि वेळ यांचे नाते केवळ शेजाराचे. वेळेची ओळ हलवली तर शेरा मागे पोरका राहतो. तासांचा गोषवारा काढला तर बेरीज येते, शेरे येत नाहीत. म्हणून आम्ही शेऱ्याच्या आरंभी वेळ पुन्हा लिहितो आणि बिलासोबत शेरे हाताने उतरवून देतो.

पहिले पंधरा दिवस आम्ही नुसतेच ‘काम केले’ असे लिहीत होतो, हेही वाचकांपासून लपवीत नाही!

गेल्या महिन्यात त्याच हिशेबनीसांनी एक शेरा दोनदा वाचला आणि फोन उचलून आपल्या फोरमनला बोलावून घेतले. बिल त्याच दिवशी निघाले. त्या ३:४०च्या ओळीखाली मात्र आम्ही मागाहून काही लिहिलेले नाही. ती जागा कोरीच आहे.