निर्दोषाच्या वर्षांचा हिशेब

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांच्या अवधीत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत बाँबस्फोट झाले. माहीम हे त्यांपैकी एक स्थानक. दिवसभराचे काम आटोपून घरी निघालेली १८० हून अधिक माणसे या हत्याकांडात बळी पडली.

या खटल्यात मोक्का न्यायालयाने २०१५ साली बारा जणांना दोषी ठरवून पाचांना फाशी व सातांना जन्मठेप सुनावली. तेरावा आरोपी नऊ वर्षांच्या कैदेनंतर निर्दोष सुटला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बारा जणांनाही निर्दोष ठरविले. कबुलीजबाब ग्राह्य धरता येत नाहीत, ओळखपरेड सदोष होती, बाँब कोणत्या प्रकारचे होते हेही सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. बारांपैकी एक जण २०२१ सालीच कैदेत मरण पावला होता.

शासनाने तातडीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ जुलै रोजी त्या न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली; सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. अपील प्रलंबित असताना भरपाईची भाषा कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु प्रश्न एका खटल्यापुरता नाही. अंतिम निकालाने निर्दोष ठरलेल्या माणसालाही या देशात भरपाईचा कायदेशीर हक्क नाही, हे खरे दुखणे आहे.

निष्कारण अटक घडवून आणणाऱ्याकडून नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसारही फार तर एक हजार रुपये मिळू शकतात! नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देताना भारताने बेकायदा अटकेच्या भरपाईचे कलम राखून ठेवले. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात स्वतंत्र तरतुदीची शिफारस केली. ती अमलात आलेली नाही.

उरते ती न्यायालयाची कृपा. निर्दोष ठरल्यावरही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे डांबलेल्या रुदुल साह यांना १९८३ साली एकंदर ३५ हजार रुपये मिळाले. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ साली ५० लाख मिळाले. महाराष्ट्रातील भटक्या जमातीचे सहा जण फाशीच्या छायेतून २०१९ साली निर्दोष सुटले, तेव्हा प्रत्येकी ५ लाख देण्याचा आदेश झाला. ज्याला मोठा वकील परवडत नाही, त्याने कृपेची वाट तरी किती पाहावी?

निर्दोष माणूस तुरुंगात सडतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो. म्हणून स्फोटात आप्त गमावलेली कुटुंबे आणि हे कैदी एकमेकांचे प्रतिपक्ष नव्हेत. सदोष तपासाने दोघांचीही फसवणूक केली आहे. भरपाई हा हक्क ठरला पाहिजे, तिची मुदत ठरली पाहिजे आणि खोटा पुरावा रचणाऱ्या अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत गेले पाहिजे. न्यायाच्या चुकीचे ओझे आज गरिबाच्या संसारावर पडते. ते राज्यसंस्थेने उचललेच पाहिजे.